वजनकाट्यामागचा हिशेब कुणाचा?

विम्याचा फॉर्म, नोकरीआधीची मेडिकल, जिमचा पहिला दिवस, ऑफिसातलं हेल्थ चेकअप. या सगळ्या ठिकाणी हल्ली एक आकडा हमखास भेटतो : बीएमआय. वजन किलोत घ्यायचं, उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करायचा, आणि त्यानं वजनाला भागायचं. उत्तर काय येतं त्यावरून तुम्ही हडकुळे, नॉर्मल, जाड की स्थूल हे ठरतं. तिसरी-चौथीच्या गणिताएवढं सोपं.

या भागाकाराच्या उत्तरावरून कित्येक जणी आरशासमोर उभं राहणं टाळतात. कित्येक जण पोहायला जायचं सोडतात, फोटोत मागच्या रांगेत लपतात. "स्वतःच्या शरीरावर प्रेम करा" असे सल्ले आता सगळीकडे मिळतात, पण नुसत्या सल्ल्यानं होतं थोडंच? मला वाटतं, ज्या मापानं आपण स्वतःला तोलतो ते माप कुणी बनवलं, कधी बनवलं आणि कशासाठी बनवलं हे कळलं, तर स्वतःशी समेट करणं जरा सोपं जातं. म्हणून हा इतिहास. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

सुरुवात होते बेल्जियममध्ये. अडॉल्फ केटले (1796–1874) हा मूळचा गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ. ब्रुसेल्सची वेधशाळा उभी करण्यात त्याचा मोठा वाटा. डॉक्टर मात्र नव्हे, आणि लठ्ठपणा हा त्याच्या अभ्यासाचा विषयही नव्हता. त्या काळात खगोलशास्त्रज्ञांपुढे एक रोजची अडचण असे. एकाच ताऱ्याची जागा दहा वेळा मोजली तर दहा किंचित वेगळी उत्तरं यायची. मग त्यांची सरासरी काढायची, ती खऱ्या जागेच्या सगळ्यात जवळची मानायची आणि बाकीच्या आकड्यांना म्हणायचं 'चुका'.

केटलेनं हीच रीत माणसांना लावली. लोकांच्या उंच्या, वजनं, छातीची मापं, गुन्हे, लग्नं, आत्महत्या, जे जे मोजता येईल ते त्यानं मोजलं. हजारो स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांवर त्यानं केलेलं काम प्रसिद्ध आहे. 1835 साली त्याचा मोठा ग्रंथ आला आणि त्यातून 'सरासरी माणूस' जन्माला आला. असा माणूस रस्त्यात कुणाला भेटत नाही, तो फक्त कागदावर असतो. याच खटाटोपात त्याच्या लक्षात आलं, की प्रौढ माणसांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. बस्, आजच्या बीएमआयचं बीज एवढंच.

गडबड पुढे झाली. ताऱ्याला खरोखरच एक खरी जागा असते, म्हणून बाकीच्या मोजण्या चुका ठरतात. माणसाच्या शरीराला 'खरी' जागा कुठली? पण केटलेनं सरासरी माणसालाच निसर्गाचा मूळ नमुना मानलं. म्हणजे बाकीचे आपण सगळे, कुणी बुटके, कुणी रुंद, कुणी काडीपैलवान, त्या नमुन्यापासून घसरलेले. सरासरी हे 'लोक कसे आहेत' याचं वर्णन होतं. ते हळूच 'लोक कसे असावेत' याचा हुकूम होऊन बसलं. आरशासमोर उभं राहिल्यावर आपल्याला जे वाटतं, त्याचं एक मूळ इथं आहे.

आता आपल्याकडे येऊ. कारण त्याच शतकात आपली शरीरंही मोजली जात होती, आणि मोजणाऱ्याचे हेतू काही भले नव्हते.

1876–78 चा दुष्काळ. दख्खन होरपळत होता. सरकारी दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागलेली. 1877 साली व्हाइसरॉयनं सर रिचर्ड टेंपल यांना खर्चाला आवर घालायला पाठवलं. टेंपलनी ठरवलं, की कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत. माणसाच्या शरीराला जगायला किती लागतं, हा प्रश्न तिजोरीकडे बघून सोडवला गेला. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी या मापावर कडक टीका केली. आपल्याकडे मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरच्या लोकांनी या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध कामं सोडली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. उपाशी माणसानं संप करायचा म्हणजे काय, याचा विचार करून बघा. "हे माप आम्हाला मान्य नाही" असं आपल्या लोकांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

दुसरं उदाहरण नाकाचं. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले. नाकाची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर, हा त्यांचा आवडता निर्देशांक. रिस्लेंचा दावा असा, की नाक जितकं रुंद तितकी जात खालची. भागाकार करून जातीची उतरंड 'शास्त्रीय' ठरवायचा हा प्रकार. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या पुस्तकात हीच मापं पुन्हा तपासली आणि दाखवलं, की रिस्लेंचा नियम देशाच्या बहुतेक भागांत टिकत नाही. पुढे 1948 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांवरच्या आपल्या ग्रंथात याच नाकांच्या मापांचा आधार घेतला. अस्पृश्य हे वेगळ्या वंशाचे, हा सिद्धांत त्यांनी त्यातून मोडीत काढला. साहेबानं ज्या आकड्यांनी उतरंड बांधली, त्याच आकड्यांनी बाबासाहेबांनी ती पोखरली. आकड्याला घाबरून पळायचं नसतं, त्याला उलटा प्रश्न विचारायचा असतो. हे आपल्याला शिकवणारा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

तोवर अमेरिकेत वेगळाच हिशेब सुरू झाला होता. आयुर्विम्याच्या कंपन्यांना एकच काळजी : कोणता गिऱ्हाईक लवकर मरेल? मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे लुई डब्लिन यांनी विमेदारांच्या नोंदींवरून 1942–43 साली 'आदर्श वजना'ची कोष्टकं काढली. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. त्यात लहान, मध्यम आणि मोठा असे तीन बांधे. आपला बांधा यातला कुठला हे ओळखायचं कसं, याची धड रीत दिलेली नव्हती. वजनही घरातल्या कपड्यांसकट, उंची बुटांसकट. आणि नोंदी कुणाच्या? ज्यांना विमा परवडत होता त्यांच्या, म्हणजे बहुतांश गोऱ्या, बऱ्या परिस्थितीतल्या अमेरिकनांच्या. धंद्यासाठी केलेला हा ठोकताळा डॉक्टरांच्या भिंतीवर जाऊन चिकटला, आणि तिथून जगभर पसरला. 'आदर्श' हा शब्द तेवढा पक्का राहिला. त्याच्यामागचा विमा कंपनीचा हिशेब लोक विसरले.

मग आलं 1972. अॅन्सेल कीज नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला ही विम्याची कोष्टकं मान्य नव्हती. त्यानं आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सुमारे 7,400 पुरुषांची मापं घेऊन वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली, आणि केटलेचं जुनं सूत्र त्यातल्या त्यात बरं ठरवलं. त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव याच लेखात मिळालं. सगळे पुरुष, एकही बाई नाही, आणि पाच देशांत भारत नाही. लेखकांनी स्वतःसुद्धा हे सूत्र परिपूर्ण असल्याचं म्हटलं नव्हतं. दुसरं काही याहून फार चांगलं नाही, इतपतच त्यांचं म्हणणं.

या कीजनं त्याआधी, 1944–45 साली, भुकेवरही एक प्रयोग केला होता. 36 धडधाकट तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. दिवसाला सुमारे 1,570 कॅलरी. ती मुलं खिन्न झाली, चिडचिडी झाली, दिवसरात्र जेवणाचाच विचार करू लागली. काही जण तर पाककृतींची पुस्तकं गोळा करू लागले. आज 1,200 कॅलरीचा डाएट चार्ट सर्रास हातात दिला जातो, आणि तो पाळता आला नाही की बाई म्हणते, "माझ्यात मनोनिग्रहच नाही." अगं, ती भूक आहे. शरीर आपलं काम चोख करतंय.

1972 म्हटलं की मराठी माणसाला वेगळंच काही आठवतं. दुष्काळ! ज्या साली बीएमआयचं बारसं झालं, त्याच साली महाराष्ट्रात बायाबापड्या खडी फोडत होत्या. ऐन भरात, 1973 च्या उन्हाळ्यात, जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. सुकडी आणि लाल मिलो खाऊन त्या पिढीनं दिवस काढले. अशा मुलखाची भाषा कशी असेल? आपल्याकडे वजन वाढलं की म्हणतात "तब्येत सुधारली". खाल्लेलं 'अंगी लागतं'. बाळ 'बाळसं धरतं'. सून अंगानं भरलेली असली की ती 'खात्यापित्या घरची'. आणि वजन उतरलं की माणूस 'वाळतो', 'रोडावतो', 'खंगतो'. आपल्या भाषेत चरबी म्हणजे दुष्काळातून वाचल्याची खूण होती.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांत त्याच शरीरावर दुसरी भाषा येऊन बसली. स्लिम, फिट, झिरो फिगर. जुनी भाषा गेली का? नाही ना! म्हणून तर एकाच लग्नात एक मावशी म्हणते, "किती वाळलीस गं, खात नाहीस का?" आणि पाच मिनिटांनी दुसरी काकू म्हणते, "जरा कमी कर हो, नाहीतर स्थळं यायची नाहीत." पोरगी तीच, साडीही तीच.

आता हे बदलणारे निकष कसे काम करतात ते एका हिशेबानं बघू. समजा एक बाई आहे. उंची 155 सेंटीमीटर, म्हणजे साधारण पाच फूट एक इंच, वजन 61 किलो. बीएमआय येतो 25.4. अमेरिकेत 1985 पासून बायकांसाठी जादा वजनाची रेषा होती 27.3, म्हणजे 1990 साली ही बाई तिथं नॉर्मल. 1998 साली तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेनं रेषा 25 वर आणली आणि काही कोटी अमेरिकन एक घासही जास्त न खाता रातोरात 'जाड' झाले. आपली बाईही त्यात आली असती. 2009 साली भारतीय तज्ज्ञांनी आपल्यासाठी वेगळ्या रेषा सुचवल्या : 23 च्या पुढे जादा वजन, 25 च्या पुढे स्थूल. म्हणजे हीच बाई भारतात 'स्थूल'. शरीरात तसूभर फरक नाही, आणि तीन वेगळे शिक्के.

आणि नोकरीच्या बाबतीत तर आणखी गंमत. 2015 साली एअर इंडियाच्या सव्वाशेच्या आसपास केबिन क्रूला वजनापायी उड्डाणाच्या कामावरून उतरवण्याची बातमी गाजली होती. तेव्हाच्या नियमांत पुरुषासाठी 18 ते 25 हा बीएमआय नॉर्मल होता, आणि बाईसाठी 18 ते 22. मला सांगा, 24 बीएमआयचा पुरुष प्रवाशांना सुरक्षित बाहेर काढू शकतो आणि 24 बीएमआयची बाई नाही, यामागे कुठलं वैद्यकशास्त्र? तिथे हिशेब आरोग्याचा नव्हता, बघणाऱ्याच्या डोळ्यांचा होता.

इथवर वाचून कुणी म्हणेल, "म्हणजे बीएमआय थोतांड, हवं तसं खा, मजा करा." थांबा. गोष्टीचा सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढेच आहे, आणि तो पुण्यात घडतो.

2004 च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. दोघेही नॉर्मल. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात निघाली 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के. आकडा एकच, शरीरं दोन. आपल्याकडे वरून सडपातळ दिसणाऱ्यालाही चाळिशीत डायबेटिस का गाठतो, याचं एक उत्तर त्या फोटोत आहे. ज्याला सगळे "तुला काय, तू तर बारीक आहेस" म्हणतात, तो रक्त तपासायला जातच नाही. जाड माणसाला लाजवणारा आकडा बारीक माणसाला गाफील ठेवतो.

हे शरीर असं का घडलं, याचाही शोध डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू झाला. गरोदर होण्याआधी त्यांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास. शेतातली, घरातली कामं चालूच. त्यांची बाळं जन्मली सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं 3.5 किलोची. पण आपल्या बाळांच्या अंगावर मांस कमी असलं, तरी कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून होती. बारीक दिसणारी, तरी आतून चरबी राखून असलेली बाळं. ज्या आयांना पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त मिळालं, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. म्हणजे आईच्या ताटात काय पडलं, याचा लेकराच्या बांध्याशी संबंध आहे.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपण ज्या पोटाला आरशात शिव्या घालतो, ते काही आपल्या एकट्याच्या आळशीपणानं घडलेलं नसतं. त्यात आईचं गरोदरपण आहे, सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणारी आजी आहे, बसून करायची नोकरी आहे, चालायला धड फुटपाथ नसलेलं शहर आहे. शरीराला इतिहास असतो. कुणाच्या इतिहासाला आपण "लाज नाही वाटत?" असं विचारतो का?

मग बीएमआयचं करायचं काय? ज्या कामासाठी तो जन्मला, त्या कामाला तो अजूनही उपयोगी आहे. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात 24 टक्के बायकांचं वजन जादा आहे आणि सुमारे 19 टक्के बायका अजूनही नको इतक्या बारीक आहेत. हा आकडा सरकारला जाब विचारायला कामाचा : रेशन कुठं कमी पडतंय, शाळेला मैदान का नाही? लोकसंख्येबद्दल तो खरं बोलतो. एकट्या माणसाबद्दल बोलायला लागला की अडखळतो. 2025 च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्याच एका आयोगानं स्पष्ट म्हटलं, की एखाद्या व्यक्तीचा लठ्ठपणा नुसत्या बीएमआयवरून ठरवू नये. कमरेचा घेर किंवा चरबीचं थेट मोजमाप बघा, आणि शरीराचं काम खरंच बिघडलंय का ते बघा.

स्वतःच्या शरीराचा स्वीकार म्हणजे माझ्या मते हेच. साखर वाढली असेल तर ती बघायची, गोळी घ्यायची, चालायला जायचं. हे सगळं शरीराची बाजू घेऊन करायचं, त्याच्यावर सूड उगवायला नव्हे. ज्या माणसाला दवाखान्यात प्रत्येक वेळी "आधी वजन कमी करा" एवढंच ऐकवलं जातं, मग तक्रार गुडघ्याची असो की कानाची, तो माणूस हळूहळू दवाखान्यात जायचाच बंद होतो. लाजेनं कुणाची साखर उतरत नाही. उलट आजार लपतो आणि वाढतो.

जुन्या लोकांना रेल्वे स्टेशनवरचं वजनाचं यंत्र आठवत असेल. दिवे लुकलुकायचे, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं छोटं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आपण पोरं दोन्ही बाजू वाचून हसायचो आणि गाडीत बसायचो. वजनाच्या मागच्या बाजूला माणसाचं नशीब छापलेलं नसतं, एवढी अक्कल तेव्हा आपल्याला होती.

तेव्हा एक विनंती. लग्नसराईत माणसं वर्षावर्षांनी भेटतात. समोरच्याला बघून "जाड झालास" किंवा "वाळलीस" हे तोंडावर आलंच, तर गिळून टाका. त्याऐवजी "कशी आहेस?" विचारा, आणि उत्तर ऐकायला दोन मिनिटं थांबा. आणि घरात कुणाचं वय तिशीपार असेल, मग दिसायला कितीही बारीक असो, त्याची साखर आणि ब्लडप्रेशर एकदा तपासून घ्या. वाटलं तर ही पोस्ट कुटुंबाच्या ग्रुपवर टाका. काकू रागावतील थोड्या, पण त्यांचंही बीपी बघायला हवंच आहे.